खालच्या ओळीतलं पाणी

चिनी वाद्यवृंदात मी शिरले ती सतारीच्या भरवशावर. सिंगापुरात बहुतेक वस्त्यांना आपापला कम्युनिटी क्लब असतो आणि त्यांतल्या कितीतरी क्लबांत हौशी मंडळींचा चिनी वाद्यवृंद चालतो. शाळकरी मुलं, बँकेतले लोक, निवृत्त शिक्षिका, सगळे एका दालनात. लहानपणी पुण्यात सतार शिकलेली, इथल्या मंडळाच्या गणपतीत कधीमधी वाजवते, एवढ्या पुंजीवर मी तिथे पीपा हे चार तारांचं चिनी वाद्य शिकायला गेले. पण नवख्या माणसाला हवं ते वाद्य मिळत नाही, रिकामी खुर्ची मिळते. रिकामी होती दा-रुआनची.

रुआन म्हणजे गोल पोटाचं, चार तारांचं, पडद्यांचं वाद्य. पोटावर दोन भोकं, वाजवायला नखी. मधल्या आकाराचं ते जोंगरुआन, मोठं ते दा-रुआन. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा खर्ज जिथे टेकतो, जवळजवळ तिथेच दा-रुआनची सगळ्यांत खालची तार बोलते. नाव पडलंय तिसऱ्या शतकातल्या रुआन श्येन या माणसावरून. बांबूवनातले सात सुजन म्हणून जे प्रसिद्ध आहेत, त्यांतला हा एक. दरबारी उठाठेवींपासून लांब राहून लाओ त्सू आणि च्वांग त्सू या ताओ विचारवंतांच्या लेखनात, मद्यात आणि संगीतात रमलेली ही मंडळी. नानजिंगजवळ शीशानछ्याओ इथे १९६० साली एक थडगं सापडलं. त्याच्या विटांच्या भिंतीवर हे सातही जण रेखलेले आहेत आणि रुआन श्येन गोल पोटाचं वाद्य घेऊन वाजवतो आहे. म्हणजे ताओ विचाराशी या वाद्याचं नातं जुनं. त्याचा हा थोरला अवतार मात्र बराच अलीकडचा, त्याबद्दल पुढे.

त्या हंगामाच्या कार्यक्रमाचा विषय लाओशींनी जाहीर केला: पाणी. (आमच्या संचालकांना सगळे लाओशी म्हणतात, आपण सर म्हणतो तसं.) तीन रचना ठरल्या. एक जुनी लाडकी, ‘चुनच्यांग ह्वायुए ये’, म्हणजे वसंतातली नदी, फुलं आणि चांदणी रात्र. दुसरी ‘लिउ श्वेई’, वाहतं पाणी; ही मुळात गुछिन या सात तारांच्या वाद्याची एकल रचना, तिची वाद्यवृंदासाठी मांडणी लाओशींनी स्वतः केलेली. तिसरी एका तरुण संगीतकाराची ताजी, समुद्रावरची. वाजवायच्या कागदांबरोबर प्रत्येकाच्या हाती एक जादा पान आलं. त्यावर ‘ताओ ते चिंग’ या लाओ त्सूच्या ग्रंथातले तीन उतारे होते. आठव्या प्रकरणातला असा, की सर्वांत उत्तम ते पाण्यासारखं असतं. पाणी सगळ्यांचं भलं करतं, कुणाशी झगडत नाही, लोकांना नकोशा वाटणाऱ्या जागी जाऊन राहतं, म्हणून ते ताओच्या, म्हणजे विश्वाच्या वाटेच्या, जवळचं. सहासष्टाव्यातला: नद्या आणि समुद्र सगळ्या ओढ्यांचे राजे झाले, कारण खाली राहणं त्यांना जमतं. अठ्ठ्याहत्तराव्यातला: पाण्याइतकं मऊ काही नाही, पण कठीण गोष्टीवर चालून जाण्यात त्याला मागे टाकणारंही कुणी नाही.

मला वाटलं, आता हे दर तालमीत ऐकावं लागणार. तसं काही झालं नाही. लाओशी त्या पानाकडे फारसे वळलेच नाहीत. पीपाच्या रांगेतल्या एका पोराने त्याच्या मागे गृहपाठ लिहिलेला मी पाहिला.

पहिलं काम वाचनाचं. इथले बरेच वादक अजून आकड्यांच्या लिपीवर वाजवतात: १ ते ७ म्हणजे सा ते नी, आणि १ कुठल्या पट्टीत धरायचा ते वर डाव्या कोपऱ्यात लिहिलेलं. आकड्याखाली टिंब असेल तर मंद्र, डोक्यावर असेल तर तार. भातखंडे लिपीवर वाढलेल्या माणसाला ही टिंबं अगदी ओळखीची. मुळात ही पद्धत फ्रान्समधली, जपानमार्गे चीनच्या शाळांत आली आणि तिथलीच होऊन गेली. अर्ध्या मात्रेला आकड्याखाली एक रेघ, पाव मात्रेला दोन, आणि शून्य म्हणजे गप्प बसायचं. माझ्या कागदावर बहुतेक शून्यंच होती. आठ मात्रा शून्य, मग मंद्रातला एक पंचम, पुन्हा शून्यं. सूर बरेचसे भूपातले, सा रे ग प ध, पण म्हणून भूप ऐकू येत नाही. ही धून मध्येच ध वर किंवा रे वर विसावते आणि आपला कान सा ची वाट बघत राहतो.

सतारीच्या हाताला रिकामी जागा बघवत नाही. काही नसेल तर चिकारी छेडत राहायची, ही सवय. इथे चिकारी नाही, आणि लांब सूर धरायचा तर नखी भराभरा खालीवर फिरवत राहायची, असा रुआनवाल्यांचा रिवाज. ‘चुनच्यांग’च्या पहिल्या एकत्र तालमीत आम्ही चौघं रुआनवाले तसंच करत होतो. लाओशींनी हात थांबवला. लांब सुरांवर नखी एकदाच मारा, म्हणाले, मग तार जेवढी वाजेल तेवढी वाजू द्या. पण सूर दोन मात्रांत विरतो, पुढे आणखी दोन उरतात, त्यांचं काय? माझ्या शेजारच्या आंटींनी हा प्रश्न विचारला. त्या निवृत्त गणित शिक्षिका, त्यांना मात्रांचा हिशेब लागतोच. लाओशी म्हणाले, त्या दोन मात्रा दीझीच्या आहेत.

दीझी म्हणजे बांबूची आडवी बासरी. आपल्या बासरीपेक्षा एक भोक जास्त, आणि त्या भोकावर लव्हाळ्याच्या जातीतल्या बोरूच्या पोटातला पातळ पापुद्रा चिकटवलेला. त्यामुळे सुराला एक झणझणीत किनार येते. सिंगापूरच्या दमट हवेत हा पापुद्रा सारखा सैल पडतो, म्हणून दीझीवाले तालमीत अर्धा वेळ पापुद्र्याशी खेळत बसलेले असतात. तर त्या दिवशी आम्ही नखी आवरली आणि खरोखरच आमचा सूर विरता विरता त्यावर दीझीचा सूर चढलेला ऐकू आला. आधीही तो तिथेच असणार. आमच्या तडतडाटात बुडत होता.

‘चुनच्यांग’वर आमचा सगळ्यांत जास्त वेळ गेला आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. ही मूळची पीपाची रचना, सांजवेळच्या ढोल-बासरीच्या नावाची. १९२५ साली शांघायच्या दातोंग संगीत मंडळीत तिची अनेक वाद्यांसाठी मांडणी झाली आणि थांग काळातला कवी चांग रुओशू याच्या कवितेचं नाव तिला मिळालं. दहा भाग. प्रत्येकाला चित्रासारखं नाव: नदीकाठच्या मनोऱ्यावरचे घंटा-ढोल, पूर्वेच्या डोंगरावर चढलेला चंद्र, वळणाच्या पाण्यावर फिरलेला वारा, काठावर आपटणाऱ्या लाटा, वल्ही मारत घरी परतणाऱ्या होड्या. प्रत्येक भागाची सुरुवात वेगळी, शेपूट मात्र तेच. कितीही लांब भटकून आलं तरी त्याच दोन-चार सुरांवरून उतरत मुक्कामाला यायचं. आपल्याकडे तान घेऊन मुखड्यावर येतात तसं हे वाटतं, पण एक फरक आहे. मुखड्यावर येताना समेचा जोर असतो, ऐकणारा मान हलवतो. इथे ते शेपूट जोर न देता, जवळजवळ नकळत यायला हवं. तालमीत नेमकं हेच जमत नव्हतं. ओळखीची जागा आली की सगळे एकदम उत्साहात येत आणि ते शेपूट दणक्यात वाजे.

लाओशींनी मग च्वांग त्सूची गोष्ट सांगितली. कन्फ्यूशियस ल्युलियांगला एक प्रचंड धबधबा पाहायला गेला. खाली पाणी असं उसळतंय की मासे-कासवंसुद्धा तिथे तरत नाहीत. त्यात एक माणूस दिसला. जीव द्यायला उडी मारली असेल म्हणून शिष्यांना काठाने धावायला सांगितलं, तर तो माणूस खाली बऱ्याच अंतरावर बाहेर आला आणि केस मोकळे सोडून गाणं म्हणत फिरायला लागला. विचारलं, तुझी युक्ती काय? तो म्हणाला, युक्ती काही नाही. भोवऱ्याबरोबर आत जातो, उसळीबरोबर वर येतो, पाणी जसं जाईल तसा जातो, आपलं काही मध्ये घालत नाही. गोष्ट सांगून झाल्यावर लाओशी म्हणाले, आता सातवा भाग, लाटांचा, पुन्हा. आणि त्यांनी काठी खाली ठेवली.

संचालकाच्या हाताशिवाय चाळीसेक माणसांनी एकत्र वाजवायचं. पहिल्या खेपेला पार विस्कटलं. पण हळूहळू सगळे यांगछिनकडे ऐकायला लागले. यांगछिन म्हणजे संतूरच्या घराण्यातलं वाद्य; काड्यांनी वाजवतात, आणि त्याचा ठोका स्वच्छ कळतो. मग यांगछिनवाली मुलगी आमच्याकडे ऐकायला लागली, कारण खालचा सूर लागल्याशिवाय वरच्या लाटेला टेकायला काही नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की माझ्या शून्यांच्या मधल्या त्या एकेका सुराची कुणीतरी वाट बघत असतं.

संचालक नसताना वाजवायची ही रीत काही लाओशींनी शोधलेली नाही. शांघाय, सुजौ, हांगजौ हा कालव्यांचा, नद्यांचा प्रदेश. तिथल्या चहाघरांत रेशीम-बांबू नावाचं वादन चालतं. रेशीम म्हणजे तारा, बांबू म्हणजे दीझी, शेंग वगैरे. सात-आठ जण टेबलाभोवती बसतात, सगळे एकच धून वाजवतात, पण प्रत्येक जण आपल्या वाद्याच्या स्वभावाप्रमाणे. वादकांमध्ये एक संकेत आहे: तू भरून वाजवलंस तर मी साधं वाजवीन, मी भरलं तर तू साधं वाजव. तू वर गेलास तर मी खाली. हे आधी ठरवता येत नाही, वाजवता वाजवता एकमेकांना जागा द्यावी लागते. ‘कुणाशी झगडत नाही’ या वाक्याचा सुरांतला अर्थ विचाराल तर मी याकडे बोट दाखवीन. लाटांचा आवाज काढण्याशी त्याचा संबंध फार थोडा.

आणि इथे एक गंमत आहे, जी मला दा-रुआनच्या खुर्चीवर बसूनच कळली. रेशीम-बांबूच्या या जुन्या वादनात खाली जवळजवळ कुणीच नसतं. दोन तारांचं, गजाने वाजवायचं अर्हू, दीझी, पीपा, सगळी मध्य आणि तार सप्तकात बागडणारी वाद्यं. विसाव्या शतकात चिनी वाद्यांचा मोठा वृंद उभारायचा ठरलं, नमुना पाश्चात्त्य सिंफनी ऑर्केस्ट्राचा होता, आणि तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे तळच नाही. मग १९५०च्या दशकात खर्जासाठी नवी वाद्यं घडवली गेली, जुन्यांचे मोठे आकार काढले गेले. अर्हूच्या जातीतलं गेहू नावाचं मोठं वाद्य तयार झालं, दा-रुआन तयार झालं, आणि तरी पुरेना म्हणून बहुतेक वृंदांनी सरळ चेलो आणि डबल बास आणून बसवले. आमच्याकडेही डाव्या-उजव्या अर्हूंच्या मागे चेलोच आहेत. म्हणजे ज्या संस्कृतीतल्या ग्रंथाने खाली राहण्याची एवढी थोरवी सांगितली, तिथल्या सामूहिक संगीताला खालची ओळ मिळाली ती युरोपच्या वळणाने. मी हे शेजारच्या आंटींना म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘खाली राहणारं वाद्य आमच्याकडे होतंच. ते एकटं बसायचं.’

त्यांचा रोख गुछिनकडे होता. गुछिनची सगळ्यांत जाड तार दा-रुआनच्या खालच्या तारेच्याही किंचित खाली जाते. पूर्वी तारा रेशमाच्या असत. आवाज इतका कमी की वाजवणारा आणि समोरचे दोन-तीन जण यांच्यापलीकडे त्याने जाऊच नये. याच वाद्यावर जुन्या गोष्टीतल्या बोयाने वाजवलं आणि त्याचा मित्र चोंग त्सछी याने ऐकलं. ती गोष्ट ‘लिएत्स’ या ताओ परंपरेतल्या ग्रंथात आहे: बोयाच्या मनात उंच डोंगर असला की त्सछी म्हणे, वा, थायशान पर्वतासारखं, मनात वाहतं पाणी असलं की म्हणे, वा, विशाल नद्यांसारखं. त्सछी गेल्यावर बोयाने तारा तोडून टाकल्या आणि पुन्हा वाजवलं नाही, हे दुसऱ्या एका जुन्या ग्रंथात येतं. ‘लिउ श्वेई’ ही रचना या गोष्टीशी जोडलेली आहे. तिची आपल्या हाती असलेली सर्वांत जुनी लिखित प्रत १४२५ सालची, मिंग राजपुत्र चू छ्वान याने छापलेल्या संग्रहातली.

आमच्या ‘लिउ श्वेई’साठी गुछिन वाजवणाऱ्या एक बाई बाहेरून आल्या. वय सत्तरीच्या पुढे, बोलणं मोजकं. त्यांनी आपली वही उघडली तेव्हा आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. गुछिनची लिपी वेगळीच असते. चिनी अक्षरांचे तुकडे एकत्र रचून एकेक चिन्ह केलेलं: कुठली तार, डाव्या हाताचं कुठलं बोट, तेरा खुणांपैकी कुठल्या खुणेवर, उजव्या हाताने आत छेडायचं की बाहेर. सगळं आहे, फक्त काळ नाही. कुठला सूर किती लांब, हे लिहिलेलंच नसतं. ते वादकाने गुरूकडून घ्यायचं, किंवा जुनी प्रत समोर ठेवून महिनोन्‌महिने वाजवत स्वतः शोधायचं. लाओशींनी मात्र वृंदासाठी त्याच सुरांना रेघा मारून मात्रांच्या खणांत बसवलं होतं, दुसरा इलाजही नव्हता. बाईंनी वाजवायला सुरुवात केली आणि तिसऱ्या खणात त्या आमच्या मागे राहिल्या. पुढच्या ओळीत पुढे गेल्या. लाओशी एकदा बाईंकडे बघत, एकदा आमच्याकडे. शेवटी ठरलं की गुछिनच्या ओळींपुरतं वृंदाने मोजायचं नाही. बाईंचा डावा हात तारेवरून घसरत खाली आला की त्या घसरण्याच्या शेवटी आम्ही आमचा सूर ठेवायचा.

हे मला सोपं गेलं, आणि इथे सतार कामी आली. मींड कुठे संपणार हे हाताकडे बघून कळतं. गुछिनमध्ये तर आवाज विरल्यानंतरही बोट तारेवरून सरकत राहतं. ऐकू काही येत नाही, नुसता लाकडावर तार घासल्याचा श्वासासारखा आवाज. बाई तो भागही तितक्याच मन लावून वाजवत. आमच्यातल्या पोरांना याचं हसू यायचं. मला नाही आलं. ‘ताओ ते चिंग’मध्येच आहे, की सर्वांत मोठा नाद कानाला विरळ लागतो.

‘लिउ श्वेई’चं जे रूप आज सगळीकडे ऐकू येतं ते एका ताओपंथी माणसाच्या हातचं. चांग खोंगशान, एकोणिसाव्या शतकातला, सिच्वानमधल्या छिंगछंग पर्वतावरचा. त्याच्या परंपरेतला संग्रह १८७६ साली छापला गेला. त्याने या रचनेत तारांवरून हात पुढे-मागे लोळवत नेण्याची एक लांबलचक जागा घातली. परंपरा तिला बहात्तर लोळणांची म्हणते. छिंगछंगच्या जवळच दूच्यांगयेन आहे, इसवीसनापूर्वी तिसऱ्या शतकात ली बिंगने केलेली पाटबंधाऱ्यांची व्यवस्था. मिन नदीला आडवी भिंत घालून कोंडण्याऐवजी प्रवाह दुभागून एक हिस्सा शेतीकडे वळवला आहे, आणि ते काम अजून चालू आहे. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला पाणी कसं ऐकू येत असेल, याचा अंदाज ती लोळणं ऐकताना येतो. सात तारा एकामागून एक उजव्या हाताखाली उलगडत जातात, डावा हात त्यातून एक बारीक धून वर काढत राहतो. जोर कुठेच नाही, आणि तरी ती जागा संपूच नये असं वाटतं.

आमच्या मांडणीत ती जागा बाई एकट्या वाजवत आणि तळाला आम्ही दोन दा-रुआन, नखी बाजूला ठेवून बोटाच्या मांसल भागाने, एकेक सूर. बाकी सगळे गप्प. फक्त शेंग अगदी हळू. शेंग हे बांबूच्या नळ्यांचा गुच्छ असलेलं तोंडाने वाजवायचं वाद्य. श्वास आत घेतानाही वाजतं आणि बाहेर सोडतानाही, त्यामुळे सूर तुटतच नाही. त्यातल्या धातूच्या थरथरणाऱ्या पातळ पट्ट्यांची कल्पना अठराव्या शतकात युरोपात पोचली आणि तिच्यातून पुढे हार्मोनियम झाली. आपली पेटी ही अशी चीनकडून युरोपमार्गे आपल्या घरात आलेली आहे.

‘लिउ श्वेई’चं एक ध्वनिमुद्रण ग्रहांच्याही पलीकडे, ताऱ्यांमधल्या अवकाशात गेलेलं आहे. १९७७च्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीवर ग्वान फिंगहू यांनी वाजवलेली ‘लिउ श्वेई’ आहे, साडेसात मिनिटांहून थोडी जास्त, त्या तबकडीवरची संगीताची सर्वांत लांब नोंद. आणि तिच्यामागोमाग येते केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई. व्हॉयेजर-१चं उड्डाण झालं त्याच सप्टेंबरात त्या गेल्या. मी हे गुछिनवाल्या बाईंना सांगितलं, मोबाइलवर ऐकवलंही. त्यांनी पूर्ण ऐकलं, एक शब्द बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘ही ठोका आला तरी त्यावर लगेच बसत नाही.’ केसरबाईंच्या गाण्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. हे निरीक्षण मला त्यांतल्या कशाहून कमी वाटलं नाही.

आता तिसरी रचना. संगीतकार मुलगा हुशार, कष्टाळू, आणि थान दुन या चिनी संगीतकाराच्या पाण्याच्या तालवाद्यांच्या कॉन्चेर्टोने, म्हणजे एकल वादक आणि वृंद यांच्या रचनेने, भारलेला. १९९९ साली न्यूयॉर्क फिलहार्मोनिकने ती पहिल्यांदा वाजवली. त्यात पाण्याने भरलेल्या पारदर्शक टोपांत हाताने, भोपळ्यांनी, घंटांनी वाजवतात. आमच्या मुलानेही घंटा पाण्यात बुडवायची योजना केली होती. टांगलेली कांस्याची घंटा ठोकायची आणि वाजत असतानाच हळूहळू टबात उतरवायची. पाणी तिला जड करतं, तिचा सूर घसरत खाली जातो. जलतरंगात पाणी वाढवलं की वाटीचा सूर उतरतो, त्याच तत्त्वावर. तालमीत हे फार सुंदर वाजलं. पण सभागृहवाल्यांनी लाकडी रंगमंचावर पाणी आणायला साफ नकार दिला. टबाखाली ताडपत्री, ताडपत्रीखाली टॉवेल, सगळे प्रस्ताव फेटाळले गेले. पाण्यावरच्या कार्यक्रमात पाण्याला बंदी! मग घंटेच्या जागी आला ओशन ड्रम, म्हणजे दोन पापुद्र्यांमध्ये छर्रे भरलेला चपटा ढोल. तिरका केला की लाटेसारखी खळखळ होते. त्याच्या जोडीला रेनस्टिक, म्हणजे उलटी केली की पावसासारखी वाजणारी नळी, मोठे ढोल, आणि सनईची नातलग स्वोना पूर्ण दमात.

मला ती रचना आवडली नाही, हे लिहून टाकते. वादळ येतं, आदळतं, ओसरतं, पुन्हा येतं. पाण्याच्या आवाजाची नक्कल जितकी हुबेहूब तितका मला त्यातला ताओ लांब जाताना दिसला. च्वांग त्सूच्या ग्रंथात शरदातल्या पुराची कथा आहे. शंभर ओढे मिळून ह्वांग हो, म्हणजे पिवळी नदी, इतकी फुगते की पलीकडच्या काठावरचं जनावर बैल आहे की घोडा ते ओळखू येत नाही. नदीचा देव हबो खूश: जगातलं सगळं सौंदर्य माझ्यातच आलं. तो वाहत वाहत उत्तर समुद्राशी पोचतो, पूर्वेकडे बघतो, आणि पाण्याचा शेवटच दिसत नाही. ती तिसरी रचना मला समुद्राला पोचण्याआधीच्या हबोची वाटली. लाओशींना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, पोरगा तेवीस वर्षांचा आहे, पूर यायचंच वय आहे. हे मात्र पटलं.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृहातल्या एसीने तारा पुन्हा पुन्हा उतरत होत्या. आम्ही शेंगच्या सुरावर लावायचो आणि दोन रचनांच्या मध्ये परत लावायचो. गुछिनला माइक लावावा की नाही यावर आदल्या दिवसापर्यंत वाद होता. बाई म्हणाल्या, लावा, पण आवाज वाढवू नका. यावर ध्वनियोजना करणाऱ्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा झाला. शेवटी इतकाच वाढवला की मधल्या रांगांपर्यंत जावं. मागच्या रांगेत बसलेल्या माझ्या नवऱ्याला लोळणं अर्धीच ऐकू आली. त्याला दा-रुआन अजिबात ऐकू आलं नाही. ‘चुनच्यांग’चं शेपूट दहाही वेळा हवं तसं आलं असं म्हणता येणार नाही, पण होड्यांच्या भागानंतरचं, शेवटचं, आलं. लाओशींचा हात तेव्हा जवळजवळ हलत नव्हता.

टाळ्या सर्वांत जास्त तिसऱ्या रचनेला पडल्या. ओशन ड्रमवाल्या मुलाला लोकांनी पुढे बोलावून वाकायला लावलं. अर्हूवाले एक काका मला नंतर म्हणाले, तुम्हाला काय पाहिजे ते मला कळतं, पण लोक तिकीट काढून येतात, त्यांना लाट दिसायला हवी. त्यांच्याशी मी कॅन्टीनमध्ये बराच वेळ भांडले. त्यांचं म्हणणं, एवढा चाळीस जणांचा वृंद उभा केलाच आहे तर त्याने मोठ्याने वाजवू नये का? माझं म्हणणं, चाळीस जणांना हळू वाजवताना ऐकायला मिळणं जास्त दुर्मिळ. आंटी मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, दोघेही आता जेवा.

आता लाओशींच्या डोक्यात वेगळं काहीतरी शिजतंय. वृंदातल्या सात-आठ जणांनी आठवड्यातून एकदा वेगळं जमायचं, काठी नाही, मात्रांचे खण नाहीत, टेबलाभोवती बसून रेशीम-बांबूच्या धुना वाजवायच्या, चहा ज्याचा त्याने आणायचा. यांगछिनवाली मुलगी, अर्हूवाले काका, दोन दीझी, एक शेंग, एक पीपा ठरले. त्या बैठकीत परंपरेने दा-रुआनला जागा नाही. मी लाओशींना तसं म्हटलं. ते म्हणाले, घेऊन तर ये, कुणी किती जागा देतंय ते तिथे बघू.